आत्मविश्वासाचे शिक्षण : कोणाला आणि कशाचे?

जळगाव जिल्ह्यातील विचखेडे या गावच्या महिला सरपंचाला अपात्र ठरविणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. सरकारी जमिनीवर बांधलेल्या घरात त्या सासूसमवेत राहतात, अशी काही गावकऱ्यांची तक्रार होती. आपण पती व मुलांसह वेगळ्या, भाड्याच्या घरात राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त आणि उच्च न्यायालय अशा तिन्ही पायऱ्यांवर निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यांचे पद त्यांना परत दिले, आणि देताना प्रकरणाच्या मुळावरच बोट ठेवले. गावाच्या कारभाराचे निर्णय आता एक स्त्री घेणार आणि तिचे सांगणे आपल्याला ऐकावे लागणार, ही वस्तुस्थिती काही जणांना पचविता आली नाही, असे हे नमुनेदार प्रकरण असल्याचा अभिप्राय न्यायालयाने दिला.

या निकालाची आठवण करून देण्याचे कारण निराळे आहे. स्त्रियांच्या मागासलेपणाची चर्चा आजकाल फार वेळा त्यांच्या मनाशी येऊन थांबते. ‘मला जमणार नाही’, ‘हे आपले काम नव्हे’, ‘चारचौघांत बोलायचे म्हणजे जीव दडपतो’ अशा समजुती स्त्रियांनी स्वतःच स्वतःभोवती उभ्या केल्या आहेत आणि योग्य मार्गदर्शन मिळाले की त्या गळून पडतील, असे सांगितले जाते. त्यासाठी शिबिरे भरतात, व्याख्याने होतात, कंपन्या आपल्या महिला अधिकाऱ्यांसाठी खास मार्गदर्शक नेमतात. पंचायतींतील सदस्या, बचतगटांतील महिला, स्पर्धापरीक्षेच्या विद्यार्थिनी यांच्यासाठीही असे वर्ग निघाले आहेत. विचखेड्याच्या सरपंचांकडे मात्र आत्मविश्वासाची उणीव होती असे कोणी म्हणू शकणार नाही. तिन्ही ठिकाणी हरूनही ज्या दिल्लीपर्यंत लढल्या, त्यांना धीर शिकविण्याची गरज नव्हती. संकुचित समजूत होती ती तक्रारदारांच्या आणि त्यांची तक्रार यांत्रिकपणे ग्राह्य धरणाऱ्या यंत्रणेच्या मनात.

मग स्त्रियांना दिले जाणारे हे मार्गदर्शन निरुपयोगी समजायचे काय? तसेही नाही. ते उपयोगी पडते याला पुरावा आहे. परंतु ते कशा स्वरूपाचे असले म्हणजे उपयोगी पडते आणि कोठे त्याची मर्यादा येते, याचा विचार फारसा होत नाही. देशातील पंचायतींमध्ये आज सुमारे १४ लाख स्त्रिया निवडून आलेल्या आहेत. लोकसभा व विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवणारी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये संमत झाली, तेव्हा तिचा अंमल जनगणना व मतदारसंघांची पुनर्रचना यांवर सोपविण्यात आला. या मोठ्या स्थित्यंतरासाठी स्त्रियांची तयारी करून घ्यायची असेल, तर ती नेमकी कशाची, हा प्रश्न पुढे ढकलून चालणार नाही.

समजूत येते कोठून?

स्वतःच्या कुवतीविषयीची हीन समजूत घेऊन कोणी जन्माला येत नाही. अमेरिकेत झालेल्या आणि २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहान मुलांना ‘फार फार हुशार’ अशा व्यक्तीची गोष्ट सांगून, ती व्यक्ती पुरुष असेल की स्त्री, हे ओळखायला सांगण्यात आले. पाच वर्षांच्या मुलींनी मुलग्यांप्रमाणेच आपल्या बाजूने कौल दिला. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये मात्र हे प्रमाण घसरले, आणि ‘हुशार मुलांसाठी’ म्हणून सांगितलेल्या खेळातला त्यांचा रसही कमी झाला. पाच ते सहा या एका वर्षात बुद्धी कमी होत नाही. त्या वर्षात मूल घराबाहेर पडते, शाळेत जाऊ लागते आणि कोणाकडून काय अपेक्षित आहे हे पाहू लागते.

आपल्याकडे तर ही समजूत घडविण्यासाठी निराळे कष्ट घ्यावे लागले नाहीत. स्त्री शिकली तर तिला वैधव्य येते, हे एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात उघडपणे सांगितले जात होते. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या फुले दांपत्याला केवळ अक्षरे शिकवायची नव्हती. अक्षरांमागे उभे असलेले हे भय मोडायचे होते. आज ते भय कोणी त्या शब्दांत बोलून दाखवीत नाही. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, बाजार, दवाखाना आणि गावाबाहेरील ठिकाण या तिन्ही जागी एकटीने जाण्याची मोकळीक असलेल्या स्त्रियांचे प्रमाण अवघे ४२ टक्के आढळले. ज्या बाईला दवाखान्यात जातानाही सोबत लागते, तिने तालुक्याच्या सभेत उठून प्रश्न विचारावा अशी अपेक्षा करणे सोपे आहे. ती गप्प बसली तर तिच्या मनात न्यूनगंड आहे असे निदान करणे त्याहूनही सोपे आहे.

वस्तुतः ‘मला जमणार नाही’ या वाक्यात पुष्कळदा दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक समजूत आणि दुसरी परिस्थिती. सरकारी कचेऱ्यांतील नेहमीचे उदाहरण घेता येईल. लिपिकपदावरील एखादी महिला कर्मचारी विभागीय परीक्षा उत्तीर्ण होऊनही पदोन्नती नाकारते. ‘वरची जबाबदारी मला पेलणार नाही’ असे ती म्हणत असेल, तर ती समजूत असण्याचा संभव आहे. पण पदोन्नतीबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात बदली होणार असेल, घरी अंथरुणाला खिळलेली सासू आणि दहावीतला मुलगा असेल आणि नवऱ्याच्या नोकरीचे गाव बदलणे कोणाच्या स्वप्नातही येत नसेल, तर तिने मांडलेला हिशेब बरोबर आहे. अशा वेळी तिच्या आत्मविश्वासावर व्याख्यान देणे म्हणजे चुकीच्या दाराची कडी वाजविणे होय. समजुतीवर मार्गदर्शन हा उपाय आहे. परिस्थितीवर बदलीचे नियम, पाळणाघर आणि घरातील कामाची वाटणी हे उपाय आहेत. जो मार्गदर्शक या दोहोंतील फरक ओळखीत नाही, तो अपाय करतो. कारण परिस्थितीमुळे मागे राहिलेल्या स्त्रीला तो आणखी एक दोष चिकटवून देतो.

चार मार्ग

आपल्याला एखादे काम करता येईल, हा विश्वास माणसात कसा निर्माण होतो याचे विवेचन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये केले. त्यांनी त्याचे चार उगम सांगितले. पहिला, ते काम प्रत्यक्ष करून यशस्वी झाल्याचा अनुभव. दुसरा, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणे. तिसरा, विश्वासातील माणसाने दिलेले उत्तेजन. चौथा, स्वतःच्या शरीराची व मनाची त्या वेळची अवस्था, म्हणजे छातीत होणाऱ्या धडधडीचा अर्थ माणूस भीती असा लावतो की उत्साह असा, ही गोष्ट. या चारांत सर्वांत बलवान उगम पहिला होय. नुसते उत्तेजन लवकर विरून जाते, आणि पहिल्याच अपयशाबरोबर ते खोटे ठरते.

आजची बहुसंख्य शिबिरे तिसऱ्या मार्गावर उभी आहेत. वक्ता येतो, स्फूर्तिदायक बोलतो, टाळ्या होतात, आणि शिबिराचा शीण उतरण्यापूर्वीच त्याचा परिणाम उतरतो. पहिला मार्ग खर्चिक आणि वेळखाऊ असल्याने तो टाळला जातो. पण ज्यांनी तो धरला त्यांची उदाहरणे महाराष्ट्राच्या इतिहासातच आहेत.

१८७३ मध्ये अकरा वर्षांची रमाबाई लग्न होऊन रानड्यांच्या घरी आली, तेव्हा तिला लिहिता-वाचता येत नव्हते. न्यायमूर्तींनी तिला स्वतः शिकविण्यास आरंभ केला. पुढे इंग्रजीचे पाठ सुरू झाले, तशी घरातील वडीलधाऱ्या बायकांची नाराजी वाढत गेली आणि तिला रोजचे टोमणे सोसावे लागले. आरंभीच्या जाहीर प्रसंगी तिने केलेले भाषण न्यायमूर्तींनी लिहून दिलेले होते. पुढे स्वतःच्या बळावर बोलणाऱ्या आणि १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन उभारणाऱ्या रमाबाई त्या पहिल्या लिहून दिलेल्या भाषणापासून एकेक पायरी चढत गेल्या. यात लक्षात घेण्याजोगे हे की, त्यांना कोणी ‘तू धीट आहेस’ असे पटवीत बसले नाही. आज पाटी, उद्या वर्तमानपत्र, परवा सभा असे एकाहून एक अवघड, परंतु आवाक्यातले काम त्यांच्यापुढे येत गेले. धीटपणा त्या कामांच्या मागोमाग आला. याच गोष्टीची दुसरी बाजूही नजरेआड करता येणार नाही. हा मार्गदर्शक घरातला कर्ता पुरुष होता. त्याचा शब्द पाठीशी नसता तर माजघरातील विरोधापुढे त्या मुलीची पाटी किती दिवस टिकली असती, हे सांगणे कठीण आहे.

म्हसवडचा धडा

दुसरे उदाहरण अलीकडचे आणि अधिक बोलके आहे. सातारा जिल्ह्यातील माण तालुका हा दुष्काळी मुलूख. तेथे म्हसवड येथे चेतना गाला सिन्हा यांनी ग्रामीण स्त्रियांसाठी सहकारी बँक काढण्याचे ठरविले. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला आपली किरकोळ बचत ठेवायला कोणतीही बँक दारात उभी करीत नव्हती, ही त्यामागची प्रेरणा. बँकेच्या परवान्यासाठीचा अर्ज रिझर्व्ह बँकेकडे गेला, आणि प्रवर्तक सभासदांपैकी काही स्त्रिया निरक्षर आहेत, त्यांनी अंगठे उठविले आहेत, या कारणास्तव तो फेटाळला गेला.

येथे हिंमत खचली असती तर नवल नव्हते. शिकलेल्या जगाने सहीशिक्क्यानिशी सांगितले होते की, हे तुमचे काम नव्हे. त्या स्त्रियांनी मात्र साक्षरतेचे वर्ग सुरू करण्याची मागणी केली. दिवसभर काम करून रात्री त्या अक्षरे गिरवू लागल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या, त्या वेळी त्यांना लिहिता-वाचता येत होते. त्यांनी एक आव्हानही बरोबर आणले होते. कोणत्याही मुद्दलावरील व्याज आम्ही यंत्राशिवाय काढून दाखवितो, तुमच्या अधिकाऱ्यांनाही तसेच काढायला सांगा आणि कोण आधी काढतो ते पाहा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे तिला जोडून स्त्रियांना व्यवसाय शिकविणारी शाळा निघाली आणि ती बसमधून गावोगाव फिरू लागली.

या प्रसंगातून दोन गोष्टी हाती लागतात. त्या स्त्रियांना साक्षरता नव्हती, पण हिशेब येत होता. बाजारात बसून, उधारी सांभाळून, सावकाराचे व्याज देऊन तो त्या शिकल्या होत्या. आपल्याजवळ असलेले हे ज्ञान ज्ञान या सदरात मोडते, एवढेच त्यांना कोणी आजवर सांगितले नव्हते. चांगले मार्गदर्शन नवे काही ओतण्याआधी असलेले ओळखून दाखविते. दुसरी गोष्ट अशी की, त्यांचे शिक्षण एका निश्चित हेतूला बांधलेले होते. अक्षरे कशासाठी, तर परवान्यासाठी. हेतू समोर असला की वर्गाला शिबिराची कळा राहत नाही.

सोबतीचे बळ

या निरीक्षणांना शास्त्रीय कसोटीचा आधारही मिळालेला आहे. अहमदाबादची सेवा बँक १९७४ मध्ये प्रत्येकी १० रुपये भाग घेणाऱ्या ४००० श्रमिक स्त्रियांनी उभी केली. या बँकेच्या ग्राहक स्त्रियांवर एरिका फील्ड, सीमा जयचंद्रन व रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने निवडलेल्या काही स्त्रियांना दोन दिवसांचे व्यवसाय-मार्गदर्शन देण्यात आले. त्यात हिशेब, व्यवसायातील कौशल्ये आणि स्वतःसाठी एखादे नेमके आर्थिक उद्दिष्ट ठरविणे यांचा समावेश होता. यांपैकी काहींना एकटीने बोलावले होते, काहींना मैत्रिणीसह.

निष्कर्ष विचार करायला लावणारे निघाले. मार्गदर्शनाचा परिणाम झाला, परंतु तो मैत्रिणीबरोबर आलेल्या स्त्रियांवर. त्यांनी व्यवसायासाठी अधिक कर्ज घेतले, चार महिन्यांनंतर त्यांचा व्यवसाय वाढलेला होता, कुटुंबाचे उत्पन्नही वाढलेले होते. ज्या समाजगटांत स्त्रीच्या घराबाहेर पडण्यावर अधिक बंधने आहेत, त्यांत हा परिणाम अधिक ठळक होता. एकटीने आलेल्या स्त्रियांच्या बाबतीत तेच शिक्षक, तोच अभ्यासक्रम आणि तेच दोन दिवस जवळजवळ वाया गेले. एकट्या स्त्रीचा निश्चय घरी परतल्यावर चार भिंतींत विरतो. दोघींनी मिळून केलेला निश्चय एकमेकींच्या साक्षीने टिकतो, असा याचा अर्थ लावता येईल. बचतगटाच्या चळवळीत मुरलेल्या कार्यकर्त्यांना हे नव्याने सांगावे लागणार नाही.

याच प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष मात्र उत्साहाला आवर घालणारा आहे. मध्यम स्वरूपाची बंधने असलेल्या स्त्रिया या मार्गदर्शनाने पुढे सरकल्या. परंतु ज्यांच्यावरील बंधने अत्यंत कडक होती, त्यांच्या आकांक्षांत वा व्यवहारांत फारसा फरक पडला नाही. प्रशिक्षणाने स्त्रीला वाट दिसते. दाराला बाहेरून कुलूप असेल तर दिसलेल्या वाटेने चालता येत नाही.

ते कुलूप अंशतः कसे उघडते, हे मध्य प्रदेशातील एका प्रयोगाने दाखविले. रोजगार हमीची मजुरी घरातील पुरुषाच्या खात्यात न जाता स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात थेट जमा झाली आणि ते खाते कसे वापरायचे याचे शिक्षणही तिला मिळाले, अशा ठिकाणी स्त्रियांचे कामावर जाण्याचे प्रमाण वाढले. नुसते खाते उघडून दिले तेथे ते तसे वाढले नाही. पैसा तिच्या हाती पडणे आणि त्याचा वापर तिला कळणे, या दोन्हींची जोड पडली तेव्हा काम झाले. तात्पर्य, अधिकाराविना प्रशिक्षण पोकळ ठरते आणि प्रशिक्षणाविना अधिकार दुसऱ्याच्या खिशात जातो.

सरपंचपतींचे राज्य

प्रशिक्षणाविना अधिकाराचे काय होते, याचे दर्शन ग्रामपंचायतींत घडते. ७३ व्या घटनादुरुस्तीचा अंमल १९९३ मध्ये सुरू झाला आणि पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. त्याबरोबर ‘सरपंचपती’ हा घटनेत नसलेला पदाधिकारी गावोगाव अवतरला. सही बाईची, खुर्ची बाईची, परंतु निर्णय नवऱ्याचा, सासऱ्याचा वा दिराचा. हा प्रकार इतका रुळला की, तो थोपविण्यासाठी काय करावे हे सांगण्याकरिता केंद्र सरकारला समिती नेमावी लागली. तिने २०२५ मध्ये दिलेल्या अहवालात अशा बदली कारभाऱ्यांना जरब बसेल अशा शिक्षेची शिफारस केली.

शिक्षा हवी हे खरे. पण केवळ शिक्षेने पोकळी भरून निघत नाही. निवडून आलेल्या बाईला रोकडवही वाचता आली नाही, ठरावाचा मसुदा समजला नाही, ग्रामनिधीतून कशावर खर्च करता येतो आणि कशावर नाही हे ठाऊक नसले, तर ती कोणावर तरी अवलंबून राहणारच. नवरा बाजूला झाला तर ग्रामसेवक पुढे सरसावेल. म्हणून तिच्या प्रशिक्षणात लोकशाहीच्या महात्म्यावरील भाषणे कमी आणि तिच्याच पंचायतीचे अंदाजपत्रक अधिक असले पाहिजे. तिने तो कागद उघडावा, एकेक बाब विचारावी, लटकी ग्रामसभा भरवून तिचे अध्यक्षपद चालवून पाहावे, गोंधळ घालणाऱ्याला खाली कसे बसवायचे याचा सराव करावा. तिच्याबरोबर त्याच पंचायतीतील दुसरी सदस्याही असावी. सेवा बँकेच्या प्रयोगाने त्याचे मोल दाखवून दिले आहे. पूर्वी पाच वर्षे कारभार केलेली शेजारच्या गावची माजी सरपंच ही तिची सर्वांत चांगली गुरू ठरेल. तिचे उदाहरण ‘आपल्यासारखी बाई हे करू शकते’ हे भाषणाविना सिद्ध करते. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती कागदावर उरकली नाही, तर बोलण्याच्या सरावासाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

समाजाचेही शिक्षण

१९७८ मध्ये पॉलीन क्लान्स व सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक निरीक्षण नोंदविले. उत्तम यश मिळविलेल्या अनेक स्त्रियांना आपण त्या यशाला पात्र नाही, लोकांची फसवणूक करीत आहोत आणि एक दिवस उघडे पडू, असे वाटत असते. या भावनेला पुढे फार प्रसिद्धी मिळाली आणि तिच्यावरील इलाजांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. त्यावर अलीकडे घेतला जाणारा आक्षेप बिनतोड आहे. ज्या कचेरीत स्त्रीच्या प्रत्येक निर्णयाची दोनदा तपासणी होते, तिचे म्हणणे दुर्लक्षून तेच पुरुषाने मांडले की मान डोलावली जाते, तेथे तिला आपल्याविषयी शंका वाटू लागली तर तो तिच्या मनाचा आजार कसा? रोग वातावरणात आणि औषध तिला, असा हा न्याय होतो.

वातावरण बदलता येते, याचाही पुरावा भारतातीलच आहे. पश्चिम बंगालमध्ये पंचायतींच्या प्रधानपदाचे आरक्षण फिरते असल्याने आरक्षण लाभलेली आणि न लाभलेली गावे यांची तुलना करणे अभ्यासकांना शक्य झाले. जेथे कधी स्त्री प्रधान झालीच नव्हती तेथे एकच भाषण पुरुषाच्या व स्त्रीच्या आवाजात ऐकविले असता, पुरुष श्रोत्यांनी स्त्रीला कमी कर्तबगार ठरविले. जेथे स्त्रीचा कारभार अनुभवाला आला होता तेथे कर्तबगारीविषयीचा हा पूर्वग्रह मावळला होता. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ४९५ गावांतील मुलांची व पालकांची पाहणी होती. लागोपाठ दोन मुदतींत स्त्री प्रधान लाभलेल्या गावांत मुलगे आणि मुली यांच्या आकांक्षांमधील दरी मुलांच्या मनात ३२ टक्क्यांनी घटली होती, आणि शिक्षणातील अंतर तर पुसलेच गेले होते. या मुलींना कोणी शिबिरात नेले नव्हते. पंचायतीच्या कचेरीत बाई बसलेली त्यांनी रोज पाहिली होती. एका मुदतीऐवजी दोन मुदती, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. पालटलेल्या नजरेला स्थिरावण्यास अवधी लागतो. आरक्षण दर वेळी फिरवीत राहिल्यास तो अवधी मिळत नाही.

आयआयटी संस्थांतील अनुभव याला पूरकच आहे. तेथील विद्यार्थिनींचे प्रमाण २०१६ च्या सुमारास आठ टक्क्यांच्या घरात होते. २०१८ पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा निर्माण करण्यात आल्या आणि काही वर्षांत ते वीस टक्क्यांवर गेले. एवढ्या अल्पावधीत मुलींच्या मनोवृत्तीत क्रांती झाली असे नव्हे. गणिताची आवड असलेल्या मुली आधीही होत्या. जागा दिसल्या, वर्गात इतर मुली दिसल्या, घरच्यांची भीड चेपली, आणि जे ‘मुलींचे काम नव्हे’ असे वाटत होते ते होऊ लागले.

शाळेत आणि कचेरीत

या सर्वांतून निघणारा बोध शिक्षकांच्या आणि कचेऱ्यांतील वरिष्ठांच्या अगदी हातातला आहे. त्यासाठी नव्या योजनेची वा अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. फळ्यावर गणित सोडवायला कोणाला बोलावले जाते, विज्ञानाच्या प्रयोगात उपकरण कोणाच्या हाती आणि वही कोणाच्या हाती राहते, सहलीचा हिशेब कोण ठेवतो आणि स्वागताच्या ताटात हळदकुंकू कोण धरते, येथे समजुती घडतात. मुलगी चुकली तर ‘बस खाली’ म्हणून तिची सुटका करणारा शिक्षक दयाळू वाटतो. पण मुलग्याला मात्र तो ‘पुन्हा कर’ म्हणून उभा ठेवतो. पुन्हा करण्याची ही सक्ती हाच आत्मविश्वासाचा पहिला धडा असतो आणि तो मुलीला नाकारला जातो.

कचेरीतही हेच घडते. महत्त्वाची फाइल, मंत्रालयातील बैठक, दौऱ्याचे काम ‘बाईंना त्रास नको’ म्हणून दुसऱ्याकडे जाते आणि दहा वर्षांनी पदोन्नतीच्या वेळी अनुभव नाही हा शेरा मात्र बाईंच्या नावे पडतो. जी स्त्री नवे काम स्वीकारताना कचरते, तिला सोपी पायरी आधी, अवघड मागाहून, अशा क्रमाने ते काम देणारा, चुकल्यास सांभाळून घेणारा आणि जमल्यास चारचौघांत तिचे नाव घेणारा वरिष्ठ हाच तिचा खरा मार्गदर्शक होय. विद्यार्थिनींनीही एवढे ओळखावे की, स्वतःविषयीची शंका ही अपात्रतेची खूण नव्हे. अभ्यासाला सोबतीण मिळवावी, उद्दिष्ट नेमके ठरवावे, आणि भीती जाण्याची वाट न पाहता काम सुरू करावे.

स्त्रियांना धीर देणाऱ्या वर्गांची टिंगल करण्याचे कारण नाही. प्रत्यक्ष कामाशी बांधलेला, सोबतिणीसह चालणारा आणि पाठपुरावा करणारा वर्ग आयुष्याची दिशा बदलू शकतो, हे म्हसवडने आणि अहमदाबादने दाखविले आहे. परंतु त्या वर्गाच्या पटावर नुसती स्त्रियांची नावे असून भागणार नाही. विचखेड्याच्या सरपंचांना आपले काम येत होते. त्यांना तीन ठिकाणी पराभूत करणाऱ्या समजुतीला मात्र अजून कोणी शिकवणी लावलेली नाही. न्यायालयाने एका प्रकरणात ती चूक दुरुस्त केली. गावागावांतील, घराघरांतील आणि कचेऱ्याकचेऱ्यांतील दुरुस्ती न्यायालयाकडून होण्यासारखी नाही. ती समाजालाच करावी लागेल, आणि ती होईपर्यंत ‘बायकाच पुढे येत नाहीत’ असे म्हणण्याचा अधिकार त्याला पोहोचत नाही.